हाकेची अक्षरे

आमच्या घरी माळ्यावर एक जुना ट्रान्झिस्टर आहे. चामडी कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि मागे सेल घालायची खाच. गेल्या दिवाळीच्या सफाईत तो खाली काढला, तेव्हा त्याच्या काचेवर चिकटवलेले कागदाचे चार बारीक तुकडे दिसले. एकावर 'पु', दुसऱ्यावर 'मुं', तिसऱ्यावर 'सां' आणि चौथ्यावर 'सि'. अक्षर आजोबांचे. विचारले तर ते हसून म्हणाले, "अरे, काचेवर नुसते आकडे होते. अंधारात आकडे कोण शोधत बसणार? म्हणून मी माझी अक्षरं लावली. पुणे, मुंबई, सांगली आणि सिलोन."

आजोबांना ठाऊक नव्हते, आणि त्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नव्हते, की जगातल्या रेडिओ केंद्रांना अशी अक्षरे खरोखरीच असतात. त्यांना इंग्रजीत कॉल साइन किंवा कॉल लेटर्स म्हणतात. आपण त्यांना हाकेची अक्षरे म्हणू. ही अक्षरे कोणी ठरवली, आपल्या देशाच्या वाट्याला कोणती आली आणि ती असतानाही आपल्या लोकांच्या तोंडी 'आकाशवाणी' हेच नाव का बसले, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अक्षरांनी ठिकाण ओळखण्याची रीत आपल्याला अगदीच नवी नाही. जेऊरला गाडीत बसून सोलापूर किंवा पुण्याकडे जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी आरक्षणाच्या तिकिटावर कुर्डुवाडीसाठी 'केडब्ल्यूव्ही', सोलापूरसाठी 'एसयूआर' आणि दौंडसाठी नुसते 'डीडी' अशी अक्षरे पाहिली असतील. अशा संक्षेपांची गरज तारयंत्राच्या काळात प्रथम भासली. एकाच तारेवर अनेक ठाणी जोडलेली असत. एकाने यंत्राची कळ दाबली की टकटक सगळीकडे ऐकू जाई. निरोप कोणत्या ठाण्यासाठी आहे, हे सांगायला प्रत्येक ठाण्याची एक छोटी खूण ठरलेली असे. ती कानी पडली की तेथला तारबाबू सावध होऊन पेन्सिल हातात घेई. दर वेळी पूर्ण नाव ठोकत बसण्यापेक्षा दोन-तीन अक्षरांत काम भागे.

पुढे मार्कोनीची बिनतारी यंत्रणा आली आणि ही सोय निकडीची गरज होऊन बसली. तार जिथे पोचते तिथेच तिचा निरोप जातो. बिनतारी लहर मात्र चहूकडे पसरते. ती कोणी सोडली आणि कोणासाठी सोडली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. गर्दीच्या बाजारात कोणी नुसते "अहो" म्हणून ओरडले, तर दहा जण मान वळवतील. म्हणून आपले नाव आणि ज्याला हाक मारायची त्याचे नाव, दोन्ही आधी सांगणे भाग पडले.

सुरुवातीला ही अक्षरे कंपन्याच ठरवत. मार्कोनी कंपनीच्या यंत्रांची अक्षरे 'एम'ने सुरू होत. १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजाचे चिन्ह 'एमजीवाय' होते, आणि त्याची हाक ऐकून धावून आलेल्या कार्पेथिया जहाजाचे 'एमपीए'. त्या दुर्घटनेने बिनतारी संदेशांचे महत्त्व साऱ्या जगाला पटले. त्याच वर्षी लंडनला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकच चिन्ह दोघांनी वापरले तर समुद्रात अनर्थ होईल, हे उघड होते. तेव्हा इंग्रजी वर्णमालेचे पट्टे पाडून ते देशोदेशी वाटून देण्यात आले.

शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला ही वाटणी चटकन समजेल, कारण ती जमिनीच्या मोजणीसारखीच झाली. मोजणीदार साखळी घेऊन येतो, गावाची जमीन तुकड्यांत वाटतो आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देतो. त्या नंबराचा त्या मातीशी काही संबंध नसतो. अलीकडचा तुकडा मोजून झाला म्हणून पलीकडच्याला पुढचा नंबर मिळाला, एवढेच. अक्षरांचेही तसेच. 'व्ही' या अक्षराचा मोठा पट्टा ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांकडे गेला. त्यात 'व्हीए' ते 'व्हीजी' कॅनडाला, 'व्हीएच' ते 'व्हीके' ऑस्ट्रेलियाला, असे करत करत शेवटी 'व्हीटी' ते 'व्हीडब्ल्यू' हा तुकडा तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वाट्याला आला. १९२७ साली वॉशिंग्टनला झालेल्या परिषदेतही तो आपल्याकडेच राहिला. पुढे 'एटी' ते 'एडब्ल्यू' आणि '८टी' ते '८वाय' हे पट्टेही भारताला मिळाले.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. भारतीय विमानांच्या अंगावर 'व्हीटी' ही अक्षरे आजही असतात. त्यांचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी', म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असा लावला जातो. ही गुलामीची खूण पुसून टाकावी, अशी मागणी संसदेतही झालेली आहे. मागणीमागची भावना आपण समजू शकतो. परंतु वर सांगितलेली वाटणी डोळ्यांपुढे ठेवली की हा अर्थ मागाहून चिकटवलेला आहे, हे ध्यानात येते. 'व्हीटी' हा आपल्या पट्ट्यातला केवळ पहिला तुकडा. ऑस्ट्रेलियाच्या विमानांवर 'व्हीएच' असते. तेही त्यांच्या पट्ट्यातले पहिलेच. तेथे ना व्हाइसरॉय होता ना त्याचा मुलूख. मात्र, साम्राज्यातल्या सगळ्या देशांना एकाच 'व्ही'च्या दावणीला बांधले गेले, यातून तेव्हाची सत्ता कोणाची होती हे दिसतेच. अक्षरांना अर्थ नव्हता. वाटणीला मात्र होता.

अमेरिकेत या अक्षरांची वेगळीच गंमत झाली. त्या देशाला मिळालेल्या अक्षरांपैकी 'के' आणि 'डब्ल्यू' ही केंद्रांसाठी वापरली गेली. ढोबळमानाने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस 'के' आणि पूर्वेस 'डब्ल्यू'. १९२० सालच्या नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून गाजलेले पिट्सबर्गचे 'केडीकेए' केंद्र पूर्वेकडचे असूनही 'के'ने सुरू होते. पहिले अक्षर सरकारी असले, तरी पुढची अक्षरे मागून घेता येत. शिकागोच्या एका वृत्तपत्राने 'डब्ल्यूजीएन' घेतले, म्हणजे 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर'. सीअर्स या व्यापारी पेढीने 'डब्ल्यूएलएस' घेतले, म्हणजे 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर'. तिथे केंद्रे खाजगी मालकीची होती; तेव्हा अक्षरे ही जणू दुकानावरची पाटीच झाली. आजही तिथला श्रोता केंद्राला त्याच्या अक्षरांनी ओळखतो.

आपल्याकडे तसे का झाले नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी आपल्या प्रसारणाची सुरुवात पाहू.

१९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रसारण सुरू केले. रीतसर केंद्र निघाले ते २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. पाठोपाठ २६ ऑगस्टला कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. मुंबईचे चिन्ह होते '७ बीवाय' आणि कलकत्त्याचे '७ सीए'. आधी आकडा आणि मग दोन अक्षरे, हा विलायती थाट. लंडनच्या पहिल्या केंद्राचे चिन्ह '२ एलओ' असेच होते. बॉम्बे आणि कॅलकटा या इंग्रजी नावांचे पहिले व शेवटचे अक्षर घेतले की 'बीवाय' आणि 'सीए' याच जोड्या मिळतात. मराठी 'मुंबई' या नावावरून ते चिन्ह घेतलेले नव्हते, हेही नमूद करायला हवे.

या केंद्रांची शक्ती दीड किलोवॅट. आवाज नीट पोचे तो तीसेक मैलांपर्यंत. म्हणजे कल्याणच्या पुढेमागे सगळे संपले; घाट चढून आपल्या करमाळ्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. रेडिओ घेणाऱ्याला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. यंत्राची किंमत वेगळीच. ऐकणारे शहरातले, सुस्थितीतले आणि बहुतांशी इंग्रजी जाणणारे. त्यांना '७ बीवाय' म्हणणे जड जात नसेल. पण एवढ्या श्रोत्यांवर कंपनी चालेना. १ मार्च १९३० रोजी तिचा गाशा गुंडाळला गेला आणि १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला.

आंतरराष्ट्रीय वाटणीनुसार आता केंद्रांना 'व्हीयू'ने सुरू होणारी चिन्हे होती. मुंबई 'व्हीयूबी', कलकत्ता 'व्हीयूसी', पुढे दिल्ली 'व्हीयूडी' आणि मद्रास 'व्हीयूएम'. पहिली दोन अक्षरे देशाची, तिसरे शहराचे. सुटसुटीत आणि नेमके. कार्यक्रमपत्रिकांत ही चिन्हे छापली जात. परदेशी श्रोते आणि तंत्रज्ञ त्यांवरून केंद्र ओळखत. सामान्य श्रोत्याच्या जिभेवर मात्र ती कधीच चढली नाहीत. त्याला हाक मारता येईल असे नाव हवे होते, आणि ते अजून सापडायचे होते.

सरकारने खात्याला दिलेले नाव होते 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस'. बीबीसीतून आलेले लायनेल फील्डन हे १९३५ साली प्रसारणाचे नियंत्रक झाले, तेव्हा त्यांना हे लांबलचक सरकारी नाव मुळीच रुचले नाही. सचिवालय मात्र हटून बसले होते. फील्डन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितलेली हकीकत मोठी मजेदार आहे. एका मेजवानीच्या वेळी त्यांनी नवे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गाठले आणि जुन्या नावाची अडचण त्यांच्यापुढे मांडली. बोलण्याला अशी वळणे दिली, की 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव व्हाइसरॉयना स्वतःलाच सुचले असे वाटावे. व्हाइसरॉयचीच सूचना म्हटल्यावर सचिवालयाचा विरोध मावळला. ८ जून १९३६ पासून हे नाव लागू झाले. आद्याक्षरे घेतली तर 'एअर' हा शब्द होतो, म्हणजे हवा. फील्डनसाहेबांनी खात्याचे नाव आणि हाकेची अक्षरे एकाच फटक्यात साधली, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु ही अक्षरे पुन्हा इंग्रजीच. आपल्या भाषेतले नाव आले ते कोणत्याही सचिवालयातून नव्हे, तर एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या घरातून. ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या वार्षिकांकात आवर्जून सांगण्याजोगी आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी आपल्या राहत्या घरी छोटे प्रक्षेपण यंत्र लावून केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव 'आकाशवाणी'. त्या काळी संस्थानिकांच्या मुलखात अशी वेगळी केंद्रे होती. म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद ही त्यांतली प्रमुख. शेवटची दोन निजामाच्या राज्यातली. आपल्या शेजारचे परंडे तेव्हा निजामाच्याच हद्दीत होते. म्हणजे करमाळ्याच्या वेशीबाहेर काही कोसांवर राज्य बदलत होते आणि हवेवरच्या आवाजाचा धनीही बदलत होता.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताकडे ऑल इंडिया रेडिओची सहाच केंद्रे राहिली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. लाहोर, पेशावर आणि डाक्का पाकिस्तानात गेली. संस्थाने विलीन झाली, तशी त्यांची केंद्रेही राष्ट्रीय सेवेत आली. म्हैसूरच्या केंद्राबरोबर त्याचे नावही आले. १९५० नंतरच्या दशकात 'आकाशवाणी' हे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे नाव झाले. लहान केंद्र मोठ्या संस्थेत मिसळले आणि त्याने मोठ्या संस्थेला आपले नाव दिले. नदीच्या बाबतीत हे असे सहसा घडत नाही. भीमेला मिळाल्यावर सीनेचे नाव उरत नाही.

हे नाव आपल्याकडे लगेच रुजले, याचे कारण ते आपल्या कानांना आधीच ओळखीचे होते. कंसाला झालेली आकाशवाणी कीर्तनातून घरोघर पोचलेली होती. बोलणारा दिसत नाही, पण शब्द स्पष्ट ऐकू येतात, ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. मराठीत 'नभोवाणी' हाही शब्द होता व आहे. रेडिओसाठी लिहिलेल्या नाटकाला आपण आजही 'नभोनाट्य' म्हणतो. त्यांपैकी 'नभोवाणी' हा शब्द लिहिण्यात राहिला आणि 'आकाशवाणी' बोलण्यात आला. इंग्रजीत मात्र 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पुढेही कितीतरी वर्षे चालू होते. २०२३ सालच्या मे महिन्यात प्रसार भारतीने इंग्रजीतही 'आकाशवाणी' हेच नाव वापरण्याचे ठरवले. म्हैसूरच्या प्राध्यापकांच्या घरातून निघालेल्या नावाला हा प्रवास पुरा करायला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

आणखी एका हाकेचा उल्लेख केला नाही तर हा विषय अपुरा राहील. त्या हाकेत अक्षरेच नाहीत. पहाटे केंद्र सुरू होण्यापूर्वी वाजणारी आकाशवाणीची ती संकेतधून. तिच्या रचनेचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. हे मूळचे मध्य युरोपातले ज्यू संगीतकार. नाझींच्या उदयानंतर ते मुंबईला आले आणि मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. धुनेत शिवरंजनीची छाया आहे, असे जाणकार सांगतात. जिला लिहिता-वाचता येत नव्हते अशी म्हातारीही ही धून ऐकून म्हणे, "रेडिओ लागला, पाच-साडेपाच वाजले असतील." आपले घर सोडून यावे लागलेल्या माणसाने साऱ्या देशाला आपली ओळख पटवणारी खूण दिली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

याच्या अगदी उलट, ज्याला आपला पत्ता सांगताच येत नव्हता अशा एका केंद्राची हकीकत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. त्या वेळी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताईंचे वय तेव्हा बावीस, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आसपासचेच. या केंद्राला 'व्हीयू'ने सुरू होणारे चिन्ह कोण देणार? परवाना देणाऱ्या सरकारविरुद्धच तर ते उभे होते. म्हणून निवेदनात सांगितले जाई ते एवढेच: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर, भारतातल्या कुठल्या तरी ठिकाणाहून. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून त्या १९४६ साली सुटल्या. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. सरकारी यादीत या केंद्राचे नाव नव्हते, तरी लोक ते शोधून ऐकत. केंद्राला अधिकार अक्षरांमुळे येतो की ऐकणाऱ्यांमुळे, या प्रश्नाचे उत्तर त्या तीन महिन्यांत मिळून गेले.

स्वातंत्र्यानंतर केंद्रे वाढत गेली. नागपूर १९४८ साली सुरू झाले, पुणे २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि सांगली १९६३ साली. निवेदक आता 'व्हीयूबी' वगैरे काही न म्हणता, हे आकाशवाणीचे अमुक केंद्र आहे, असे स्वच्छ मराठीत सांगत. आजोबांच्या काचेवरचे 'पु' आणि 'सां' हे याच वाक्यातून आलेले. 'सि' मात्र परदेशचा. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान मिळाले आणि चित्रपटगीते मागे पडली. श्रोते उठून सिलोनला गेले, अर्थात काट्यावर. त्यांना परत आणण्यासाठी १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू झाली. हे सुरेख नाव कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी दिले, असे सांगितले जाते. नाव ठेवायला कवी लागला, यात नवल नाही.

आता मी मूळ ट्रान्झिस्टरकडे परत येतो, कारण आजोबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

आमचे गाव भीमाकाठचे. उजनी धरण झाले आणि जुने गाव पाण्यात गेले. घरे उठली, देऊळ उठले, माणसे वर माळावर आली. नव्या वसाहतीत घरांना प्लॉट नंबर मिळाले. आमच्या भागात तर एकाच नावाची दोन गावे झाली, लोक नं. १ आणि नं. २ म्हणू लागले. जुन्या शेतांना नावे होती: चिंचेचे रान, मधली पट्टी, नदीकडचा मळा. नव्या जमिनीला फक्त गट नंबर होता. आजोबा तेव्हा तरुण होते. फर्माइशीच्या कार्यक्रमाला ते पोस्टकार्डे पाठवत. वसाहतीत राहायला आल्यावरही कार्डावर गावाचे नाव जुनेच लिहीत, नंबर न घालता. अनेक कार्डे गेली. एका संध्याकाळी गाणे लागण्यापूर्वी निवेदिकेने नावे वाचली, त्यांत आजोबांचे नाव आले आणि पाठोपाठ गावाचे. "गाव पाण्याखाली होतं," आजोबा म्हणाले, "पण त्या दिवशी त्याचं नाव साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं." गाणे कोणते लागले, हे त्यांना आता आठवत नाही.

हे ऐकल्यावर माझ्या मनात हाकेच्या अक्षरांचा सारा इतिहास एका ओळीत लागला. नंबर आणि अक्षरे निरुपयोगी असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. गट नंबर नसेल तर सातबारा निघणार नाही, आणि हाकेची अक्षरे नसतील तर हवेत नुसता कोलाहल माजेल. ती नेमकी असणे हेच त्यांचे काम. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याचा प्रत्यय आला. हौशी रेडिओवाल्यांना भारतात जी चिन्हे मिळतात ती 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३' अशी सुरू होतात. अंदमान-निकोबारसाठी 'व्हीयू४' आणि लक्षद्वीपसाठी 'व्हीयू७'. दिल्लीच्या भारती प्रसाद यांचे स्वतःचे चिन्ह 'व्हीयू२आरबीआय'. त्या वेळी त्या सहकाऱ्यांसह हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला होत्या आणि 'व्हीयू४आरबीआय' या चिन्हाने बोलत होत्या. लाटा आल्या, फोन बंद पडले, तेव्हा त्यांच्या यंत्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली बाहेर कळू लागली. त्या एका '४'मुळे ऐकणाऱ्याला हाक कुठून येते आहे हे तत्काळ समजत होते. अशा वेळी अक्षर म्हणजे जीव.

आणि हे चिन्ह मिळवणे फार अवघड आहे, असेही नाही. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक होते. त्यांचे चिन्ह 'व्हीयू२आरजी'. आपल्या महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने मनावर घेतले, तर जगात दुसऱ्या कोणाचेही नसलेले चिन्ह त्यांच्या नावावर लागू शकेल.

परंतु ज्याला रोज ऐकायचे, ज्याच्याशी बोलायचे, त्याला नाव लागते, आणि ते आपल्या तोंडचे लागते. हे अलीकडच्या सामुदायिक रेडिओ केंद्रांकडे पाहिले की पटते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. अशा केंद्राचा आवाज साधारणतः दहा-पंधरा किलोमीटर जातो. त्यामुळे एकच आकडा अनेक ठिकाणी पुन्हा वापरता येतो. बारामतीचे केंद्र ९०.४ वर आणि म्हसवडचेही ९०.४ वरच. आकड्यावरून कोणते केंद्र ते ओळखायचे म्हटले तर ओळखता येणार नाही. नावे मात्र पाहा. बारामतीची 'वसुंधरा वाहिनी', म्हसवडची 'माणदेशी तरंग', सांगली जिल्ह्यातली 'येरळावाणी', पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी'. कोणी मातीचे नाव घेतले, कोणी मुलखाचे, कोणी नदीचे, तर कोणी विद्येचे. ही नावे लंडनला किंवा वॉशिंग्टनला वाटून मिळालेली नाहीत. आणि बहुतेकांत 'आकाशवाणी'तला तो 'वाणी' किंवा 'वाहिनी' कुठे ना कुठे डोकावतो आहे.

'७ बीवाय' पासून 'येरळावाणी' पर्यंतचा हा प्रवास जवळपास शंभर वर्षांचा. त्यात अक्षरे वरून आली आणि नावे खालून. दोन्ही आपापल्या जागी राहिली. केंद्राच्या कागदपत्रांत आज काय लिहिलेले असते ते तंत्रज्ञ पाहतील. श्रोत्याच्या कानी ते येत नाही, आणि त्याचे त्यावाचून अडतही नाही.

आजोबांना मी '७ बीवाय' आणि 'व्हीयूबी'ची सगळी हकीकत वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग ट्रान्झिस्टर हातात घेतला, काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि सुटायला आलेला 'मुं'चा तुकडा अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवला.